‘एस्कामोताज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ब्युआतिए द कोल्ता या फ्रेंच जादूगारावर लिहिते आहे. १८८६ साली पॅरिसमध्ये गाजलेल्या त्याच्या खेळाच्या नावात ‘एस्कामोताज’ हा शब्द आहे. ‘गायब होणारी बाई’ लिहिलं, पण मन भरत नाही. ‘अंतर्धान’ चालेल?

उत्तर : ‘अंतर्धान’ नको. अंतर्धान देव पावतात, आपल्या इच्छेने. इथे बाई स्वतःहून जात नाही, कुणीतरी तिला नाहीशी करतं, आणि ‘गायब होणारी’मध्ये तो करणाराच निसटतो. कप आणि गोळ्यांच्या खेळातल्या बुचाच्या गोळीला फ्रेंचमध्ये ‘एस्कामोत’ म्हणत. ‘एस्कामोते’ या क्रियापदाचा एक अर्थ हातचलाखीने नाहीसं करणं, दुसरा चोरून लांबवणं. म्हणजे आपलं ‘लंपास करणं’ त्याच्या फार जवळ जातं. पण बाई लंपास केली म्हटलं की पोलीस चौकीच आठवते!

मला ‘गडप करणं’ सुचतं. खेळच बघा ना. रंगमंचावर वर्तमानपत्र पसरायचं, खाली चोरदार नाही अशी लोकांची खात्री पटावी म्हणून. त्यावर खुर्ची, खुर्चीत बाई, तिच्या अंगावर पातळ रेशमी शाल. शाल झटक्यात ओढली की बाईही नाही नि शालही नाही. खरं तर त्या वर्तमानपत्रालाच छुपी चीर असे आणि बाई तिथून खाली उतरे. तोवर शालीखाली तारेचा सांगाडा डोक्याखांद्यांचा आकार धरून ठेवी. दगड डोहात गडप व्हावा तशी ती जमिनीच्या पोटात गेलेली असते. शब्दात तंत्रही आलं.

– मग त्याच्या पक्ष्याच्या पिंजऱ्यालाही ‘गडप’च?

– तिथे ‘गायब’ बरा. चौकोनी पिंजरा दोन्ही हातांत धरलेला, आत जिवंत पक्षी. हात पुढे झटकले की दोरीच्या ओढीने पिंजरा चपटा होऊन अस्तनीत जाई. ‘अस्तनी’ मात्र आवर्जून वापरा. निखाऱ्यांखेरीज हा शब्द हल्ली कुठे भेटतच नाही. ‘बाही’ने काम भागेल, पण दडवलेलं काही आहे ही शंका ‘अस्तनी’तच येते.

– आणि फ्रेंच चित्रपटकार मेलिएसने १८९६ साली हाच खेळ पडद्यावर आणला, तेव्हा?

– तिथे चोरदार लागलंच नाही. कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, कॅमेरा पुन्हा सुरू. त्याला ‘गडप’ म्हणवत नाही. तिथे ‘नाहीशी केली’ लिहा.