भुसावळच्या उन्हात गेमिंग लॅपटॉप ९८ अंशांवर: प्रोसेसर बदलून फरक पडेल का?

दीपनगरची_भट्टी
राम राम मंडळी. लॅपटॉप २०१९चा आहे. प्रोसेसर आय५-९३००एच, ग्राफिक्स चिप जीटीएक्स १६५०, ८ जीबीची एकच रॅम. गेम लावला की दहा मिनिटांत प्रोसेसर ९७-९८ अंशांवर जातो, वेग ४ गिगाहर्ट्झवरून अडीचवर येतो आणि चित्र अडखळतं. दुपारी खोलीतच ४० अंश असतात. त्याच्या जागी आय७-९७५०एच प्रोसेसर बसेल का? एक दुरुस्तीवाला म्हणतो, चिप काढून दुसरी लावून देतो.

खापरावरचे_मांडे
नका लावू भो. हा प्रोसेसर सॉकेटात नसतो, १४४० बारीक गोळ्यांवर बोर्डाला सोल्डर केलेला असतो. काढायला रीबॉलिंगचं, म्हणजे त्या गोळ्या नव्याने बसवायचं मशीन लागतं. एक गोळी जरी नीट बसली नाही तरी बोर्ड गेलं. बरं, चिप बसली तरी बायोसने (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ती ओळखायला हवी, आणि बोर्डावरचा वीजपुरवठा तुमच्या चिपच्या चार कोअरच्या (काम करणाऱ्या गाभ्यांच्या) हिशोबाने केलेला असेल तर सहा कोअर त्याला जड जातील. इंटेलमध्ये लॅपटॉपचा प्रोसेसर हाताने बदलायची सोय चौथ्या पिढीपर्यंत होती, तीही सगळ्यांत नाही; चौथ्या पिढीत नावाच्या शेवटी एम, एमक्यू किंवा एमएक्स असेल तर. एचक्यू आणि आताचे एच सगळे सोल्डर केलेले.

मुळात तुमचा प्रोसेसर कमी पडत नाहीये, तो तापून मागे येतोय. १०० अंश ही त्याची हद्द. त्याच हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा भाग) सहा कोअर बसवले तर तेही तिथेच जाऊन आपटतील. पैसे घालायचेच तर डीडीआर४-२६६६ची ८ जीबीची दुसरी रॅम टाका. रॅमकडे जायचा एक रस्ता (चॅनल) होता, त्याचे दोन झाले की गेममधले झटके बरेच कमी होतात.

रुई_आणि_पंखा
आधी उघडून साफ करा. जिनिंगच्या हंगामात आपल्याकडे हवेत कापसाची तुसं असतात. ती पंख्यातून आत जातात आणि पंखा व तांब्याच्या पात्यांच्या मधे नमद्यासारखा थर धरतात. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर जागचा हलत नाही, पंखा काढावाच लागतो.

आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, मगच बाकीचं. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. लावताना त्या क्रमाने, काढताना उलट, आणि प्रत्येक स्क्रू एका दमात न आवळता थोडा थोडा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरलं तर बेअरिंग खराब होतं.

चिप आणि हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पातळ पेस्ट लॅपटॉपच्या उघड्या चिपवर टिकत नाही, तापून-निवून कडेला सरकते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. त्यापेक्षा पीटीएम७९५० चा पातळ पॅड घ्या, तो पेस्टच्या जागी लावतात. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की वरची फिल्म सहज निघते. फिल्म दोन्ही बाजूंना असते, एक विसरलात तर तापमान आधीपेक्षा वाढेल. चिप पूर्ण झाकेल एवढा तुकडा कापा. तो गरम होऊन वितळल्यावरच नीट बसतो, म्हणून पहिल्या तासाचे आकडे बघून निकाल लावू नका.

ग्राफिक्सच्या मेमरीवरचे पॅड फाटले तर जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे घ्या. १ मिमीच्या जागी दीड लावला की हीटसिंक उचलला जातो आणि चिपला टेकतच नाही. जोडून झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चारही कोअर बघा. एक कोअर बाकीच्यांपेक्षा १०-१२ अंश गरम दिसला तर हीटसिंक तिरका बसलाय.

आणि पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) लावायच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, बोर्डावर सांडलं तर शॉर्ट.

दीपनगरची_भट्टी
साफसफाई करतो. प्रोसेसर कमी तापावा म्हणून त्याचं व्होल्टेज कमी करायला थ्रॉटलस्टॉप हे सॉफ्टवेअर टाकलं, पण त्यात व्होल्टेजची पट्टी ‘लॉक्ड’ दाखवते. मग विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करू का?

खापरावरचे_मांडे
डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची, व्होल्टेज बदलून प्रोसेसरची सुरक्षा फोडता येते अशी त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी बायोसमधून व्होल्टेजला ते कुलूप लावलं. जुनं बायोस टाकायच्या फंदात पडू नका.

९९ टक्क्यांनी टर्बो (गरजेला वेग वाढवायची सोय) पूर्ण बंद होतो, प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झवर अडकतो. मे महिन्यात तात्पुरता उपाय म्हणून चालेल. त्यापेक्षा थ्रॉटलस्टॉपच्या टीपीएल खिडकीत लांब पल्ल्याची (सतत चालतानाची) वीजमर्यादा ४५ वॅटवरून ३५ करा, छोट्या पल्ल्याचीही (थोड्या वेळाच्या जोराची) तेवढीच. गेममध्ये ९० च्या खाली राहिला तर २-२ वॅटने वाढवत न्या. गेममध्येच सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घातली तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स, दोन्ही चिपांना श्वास मिळतो.

रुई_आणि_पंखा
एक राहिलं. खोली १० अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते, म्हणून जानेवारीतले आकडे मे महिन्याशी ताडू नका. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर एसीच्या तोडीचं काम करतो, फक्त झोत थेट लॅपटॉपवर नको, तुषार उडतात. पावसाळ्यात मात्र तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा साधा पंखा. आणि लॅपटॉप गादीवर नको. मागची बाजू दोन-तीन सेंमी उचलून ठेवा, खालून हवा ओढायला जागा मिळते.