जीसीएसईची नवी भाषा परीक्षा: बोलायला शिकवते की नुसतं उच्चारायला?

अनुस्वार

इंग्लंडमध्ये साधारण सोळाव्या वर्षी मुलं जीसीएसई देतात. त्यातल्या फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२४ पासून बदलला आणि त्याची पहिली परीक्षा २०२६ ची. श्रवण, संभाषण, वाचन, लेखन असे चार पेपर आणि प्रत्येकाला २५ टक्के, हे आधीपासूनच होतं. नवीन गोष्टी चार: श्रवणाच्या पेपरात श्रुतलेखन, तोंडीत प्रकटवाचन, आखून दिलेली शब्दयादी (फाउंडेशन या खालच्या पातळीला १२००, हायर या वरच्या पातळीला १७००) आणि आकलनाचे सगळे प्रश्न इंग्रजीतून.

मला हे मागे नेणारं वाटतं. उताऱ्याचा अर्थ डोक्यात शिरलेला नसतानाही मूल तो खणखणीत वाचून दाखवू शकतं, मग त्यातून परीक्षकाला काय कळतं? श्रुतलेखनाचंही तेच. परीक्षा यादीबाहेर जाणार नाही असं एकदा ठरलं की वर्गही यादीबाहेर जात नाही. आणि प्रश्न इंग्रजीत आले की मूल तासभर इंग्रजीतच विचार करतं, फ्रेंच फक्त मधेमधे डोकावते. ही संवादाची परीक्षा उरली का?

ओळख परेड

मथळा वाचून वाटलं, निम्मे गुण प्रकटवाचनालाच दिलेत की काय. आधी गुणांचा हिशोब मांडू.

एक्यूए या परीक्षा मंडळाची हायरची तोंडी ५० गुणांची आहे. रोल-प्लेला १०, प्रकटवाचन आणि त्यावरच्या प्रश्नांना १५, चित्रांच्या कार्डाला २५. प्रकटवाचनाच्या १५ मध्ये नुसत्या वाचनाचे ५, उरलेले १० उताऱ्याच्या विषयावर आयत्या वेळी विचारलेल्या चार प्रश्नांना. कार्डाच्या २५ मध्येही चित्रवर्णनाचे ५ आणि त्यानंतरच्या संभाषणाचे २०. म्हणजे ५० पैकी ३० गुण पुढचा प्रश्न काय येणार हे माहीत नसताना बोलण्याला आहेत.

श्रुतलेखन हायरच्या श्रवणात ५० पैकी १०, फाउंडेशनला ४० पैकी ८. एकूण परीक्षेत श्रुतलेखन पाच टक्के, प्रकटवाचन अडीच टक्के. साडेसात टक्क्यांवर एवढा गहजब!

बरं, आधी काय होतं? २०१८ पासूनच्या पद्धतीत एक्यूएची तोंडी ६० गुणांची आणि त्यातले ३० 'सर्वसाधारण संभाषणा'ला. त्यातला एक विषय विद्यार्थ्यानेच निवडायचा. सुट्टीत काय केलं, शाळा कशी वाटते, पुढे काय व्हायचंय यांची उत्तरं महिनोन्महिने घोकून घ्यायची. त्याच्याही आधी, २००९ ते २०१७, 'नियंत्रित मूल्यमापन': लेखन आणि संभाषण मिळून ६० टक्के, विषय आधी माहीत. एक्यूएत ४० शब्दांचं टिपण सोबत नेता येई. मजकूर घरून पाठ करून यायचं आणि शाळेत ओतायचं. ती संवादाची परीक्षा होती असं म्हणणार का?

अनुस्वार

घोकंपट्टी वाईट होती हे मान्यच. पण पाठांतर बंद करायला संभाषणाचे प्रश्न बदलले असते तरी चाललं असतं. प्रकटवाचन का आणलं, याचं उत्तर तुमच्या हिशोबात नाही.

मूक अक्षर

ते मी देतो, कारण या दोन प्रकारांबद्दल 'यांत्रिक आहे' एवढंच म्हटलं जातं आणि प्रत्यक्ष काय तपासलं जातं ते कुणी बघत नाही.

श्रुतलेखनात फाउंडेशनला चार वाक्यं, हायरला पाच. प्रत्येक वाक्य तीनदा ऐकवतात: एकदा सलग, मग तुकड्यातुकड्यांनी, मग पुन्हा सलग. त्यात यादीबाहेरचे एकदोन शब्दही मुद्दाम घातलेले असतात, म्हणजे स्पेलिंग आधीच पाठ असण्याची सोय नाही.

आता फ्रेंचमधलं 'ले पतित मेझाँ' घ्या, म्हणजे 'ती छोटी घरं'. बहुवचनाचा एस तिन्ही शब्दांना लिहायचा आणि ऐकू एकदाही येत नाही. एकवचनात हेच 'ला पतित मेझाँ'. सगळा फरक 'ला' की 'ले' एवढ्यावर. ज्या मुलाला व्याकरण कळलंय ते 'ले' ऐकताच पुढच्या दोन्ही शब्दांना एस लावतं. ज्याने नुसता कान लावलाय ते लावत नाही. कान आणि व्याकरण एकत्र तपासणारा एवढा छोटा प्रश्न दुसरा दाखवा.

'माझे मित्र बोलतात' याचा उच्चार 'मेझामी पार्ल'. यात नेहमी होणारी चूक म्हणजे मुलं 'झामी' हा वेगळा शब्द समजून 'मित्र' शब्दाची सुरुवात झेडने करतात. तो 'झ' खरं तर आधीच्या शब्दातल्या मूक एसचा, पुढे स्वर आल्यामुळे ऐकू आलेला. आणि 'पार्ल'च्या शेवटी ई-एन-टी ही तीन अक्षरं लिहायची, जी उच्चारात नाहीतच. प्रकटवाचनात हेच उलटं होतं: ई-एन-टी दिसली की पोरं 'पार्लाँ' म्हणून मोकळी होतात.

स्पॅनिशमध्ये 'आब्लो'चा जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'मी बोलतो', शेवटच्या अक्षरावर असेल तर 'तो बोलला'. लेखनात फरक फक्त शेवटच्या ओवरच्या तिरक्या रेघेचा. शिवाय एच मूक, बी आणि व्ही कानाला सारखेच. जर्मनमध्ये ई-आय की आय-ई हा गोंधळ आणि नामाचं पहिलं अक्षर मोठं काढायला विसरणं. वर्षानुवर्षं ऐकलेलं आणि छापलेलं यांची सांगडच न बसलेली मुलं होती. ती उघडी पडत नव्हती, कारण ते कुणी विचारतच नव्हतं.

टीपटाप

मूक अक्षर यांचं फ्रेंचपुरतं पटलं. पण मग गुणदान तसं हवं. जिथे अर्थ शाबूत आहे आणि फक्त मूक एस गळलाय, तिथे आणि जिथे शब्दच भलता लिहिलाय तिथे, दोन्हीकडे सारखेच गुण कापले तर श्रुतलेखन शुद्धलेखनाचा सापळा होईल. शिवाय स्पॅनिशमध्ये लिपी आणि उच्चार बरेच जवळ आहेत, फ्रेंचमध्ये नाहीत. प्रश्नाचा आराखडा एकच ठेवायचा आणि श्रेणीही एकाच मापाने द्यायची, हे जमायचं कसं? फ्रेंच-जर्मनची श्रेणी स्पॅनिशच्या तुलनेत कडक पडते हे ऑफक्वाल या नियामकाने २०१९ मध्ये मान्य करून दुरुस्ती जाहीर केली होती. जुनं दुखणं आहे ते.

फूलस्टॉप

शब्दयादीबद्दल. नियम असा की यादीतले किमान ८५ टक्के शब्द त्या भाषेतल्या सर्वाधिक वापराच्या २००० शब्दांमधले हवेत. हायरच्या १७०० शब्दांपैकी विषयानुसार निवडायला मोकळीक उरते ती २५५ शब्दांची, फाउंडेशनला १८० ची. वारंवारिता मोजली जाते मोठ्यांच्या लिहिण्या-बोलण्यातून. त्यात 'जरी', 'विरुद्ध', 'सरकार' वर येणार आणि दप्तरातल्या, स्वयंपाकघरातल्या वस्तू खाली जाणार. मग चौदा वर्षांच्या मुलाला ज्याबद्दल बोलावंसं वाटतं ते शब्द आणायचे कुठून? प्राणी, कपडे, खाद्यपदार्थ यांची लांबलचक कोष्टकं गेली याचं मला दुःख नाही, पण अडीचशे शब्दांत सगळी हौस भागवा म्हणणं म्हणजे फारच झालं.

ओळख परेड

यादी कशाला बांधील आहे हे नीट बघा. मंडळाने दिलेले उतारे आणि ध्वनिफिती यादीला बांधील. विद्यार्थी नाही! बोलताना किंवा लिहिताना त्याने यादीबाहेरचा योग्य शब्द वापरला तर त्याचे गुण मिळतातच. ज्याला माशांबद्दल बोलायचंय त्याने खुशाल माशांची नावं शिकावीत.

आणि ते 'जरी', 'विरुद्ध' हेच शब्द नसल्यामुळे मुलं अडतात. नामांचा ढीग असतो, जोडायला काही नसतं. जुन्या पद्धतीत मंडळं याद्या देत, पण उतारा यादीबाहेर जाऊ शके. त्यामुळे वाचनाचा पेपर म्हणजे अंदाजपंचे असं शिक्षकांनी आणि मुलांनी धरूनच ठेवलं होतं.

अनुस्वार

'विद्यार्थी बांधील नाही' हे नियमात. वर्गातले तास मोजके असतात, त्यात शिक्षक आधी १७०० शब्द उरकणार. मासे कधी येणार?

उभा दंड

इंग्रजी प्रश्नांवर कुणी बोललं नाही, तो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इथे मी अनुस्वार यांच्या विरुद्ध आहे. प्रश्नही फ्रेंचमध्ये असला की मूल प्रश्नातला एक शब्द हेरतं, उताऱ्यात तोच शब्द शोधतं आणि तिथलं आख्खं वाक्य उत्तरात उतरवतं. उत्तर बरोबर, आकलन शून्य. २०१८ पासूनच्या पेपरांत काही प्रश्न शिकायच्या भाषेतून असत, तिथे हा उद्योग चाले. शिवाय प्रश्नच न कळल्यामुळे, उतारा कळूनही, गुण जात. इंग्रजी प्रश्नाला उताऱ्यातून उचलेगिरी करता येत नाही.

आणि वाचनाच्या पेपरात इंग्रजीत भाषांतरालाही १० गुण आहेतच. तिथे मोठे शब्द मुलं बरोबर आणतात आणि 'अजून', 'जवळजवळ', 'खूपच' असले बारके शब्द गाळतात. काळाचं तसंच: 'गेलो होतो'चं 'जातो'. प्रत्येक वाक्यांशावर बोट ठेवून तपासलं तर दोनतीन गुण सहज वाचतात.

टीपटाप

वाद बाजूला ठेवून एक व्यवहाराची गोष्ट. तोंडीच्या आधी देखरेखीखाली १५ मिनिटं मिळतात, टिपणं काढता येतात, शब्दकोश नाही. ही १५ मिनिटं जवळजवळ सगळी मुलं चित्रांवर घालवतात आणि वर्णनाची वाक्यंच्या वाक्यं लिहून काढतात. त्या वर्णनाला ५ गुण! त्यापेक्षा रोल-प्लेच्या पाच सूचना आधी सोडवाव्यात. प्रत्येकी २ गुण, एक क्रियापद असलेलं छोटं वाक्य पुरतं. हौसेने वाक्य लांबवलं की मागचा भाग चुकतो आणि कळत असलेला अर्थ बिघडतो. एका सूचनेपुढे प्रश्नचिन्ह असतं, तिथे प्रश्न विचारायचा असतो. निम्म्या वेळा विधान ऐकू येतं.

मग प्रकटवाचनाचा उतारा मनात नव्हे, पुटपुटत दोनदा वाचायचा आणि मूक अक्षरांखाली रेघ मारायची. त्याच्या विषयावर चार प्रश्न येणार हे ठाऊक असतं, तेव्हा दोन मतं आणि दोन कारणं टिपून ठेवायची. चित्रांसाठी शेवटची तीन-चार मिनिटं भरपूर झाली: कोण, कुठे, काय करतंय, हवा कशी.

लेखनात ९० शब्दांच्या प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात. दोनच मुद्दे सुरेख लिहिले आणि तिसरा राहिला तर वरच्या पट्टीचे गुण हातचे जातात. तिन्ही काळ येतील अशी मुद्द्यांची रचना असते, तो इशारा ओळखावा.

मूक अक्षर

+१. एक भर: छापलेले प्रश्न परीक्षकाला, म्हणजे बहुधा वर्गशिक्षकालाच, शब्द न बदलता विचारावे लागतात. पुन्हा म्हणता येतात, सोपे करून सांगता येत नाहीत. 'पुन्हा सांगाल का?' हे त्या भाषेत म्हणता येणं मुलांकडून घोटून घेतलं पाहिजे. गप्प राहिलं की प्रश्न गेला.

फूलस्टॉप

शिक्षकच परीक्षक हीही गोम आहेच. ध्वनिमुद्रण मंडळाकडे जातं आणि गुण तिथले परीक्षक देतात हे ठीक. पण संभाषणाचे प्रश्न शिक्षकाचेच. हुशार शिक्षक भूतकाळ काढून घेणारा प्रश्न बरोबर विचारतो, दुसरा 'तुला आवडतं का?' विचारून 'हो' वर समाधान मानतो. मुलाचे गुण त्यात जातात.

उभा दंड

आणि पातळीची निवड. फाउंडेशनला १ ते ५ श्रेणी, हायरला ४ ते ९, आणि चारही पेपर एकाच पातळीचे द्यावे लागतात. वाचन उत्तम आणि बोलणं कच्चं अशा मुलाला हायर द्यायचं की फाउंडेशन, हा निर्णय शाळा करते तेव्हा बहुतेक वेळा सावधपणे खालची पातळी निवडली जाते आणि मग ५ च्या वर जाता येत नाही. श्रुतलेखनापेक्षा यावर भांडा.

अनुस्वार

बरं, हिशोब बघून एवढं मागे घेतो की साडेसात टक्क्यांनी परीक्षा यांत्रिक होत नाही. इंग्रजी प्रश्नांवर मात्र अजून पटलेलं नाही. पण मग संवाद खरंच महत्त्वाचा असेल तर डेल्फसारखी अट का नाही? फ्रेंचच्या त्या प्रमाणपत्र परीक्षेत चार कौशल्यांना २५-२५ गुण, उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० आणि प्रत्येक कौशल्यात किमान ५. जीसीएसईत सगळ्या गुणांची बेरीज होते. तोंडीत भोपळा मिळवूनही बाकीच्या तीन पेपरांवर चांगली श्रेणी काढता येते.

ओळख परेड

कारण दोन्ही परीक्षांचं काम वेगळं आहे. डेल्फ 'या पातळीची भाषा येते' असा दाखला देते, तिथे किमान अट शोभते. जीसीएसई सगळ्या मुलांना १ ते ९ मध्ये बसवते. तिथे किमान अट घातली की चार पेपरांपैकी एकात अडखळलेलं मूल थेट श्रेणीबाहेर, आणि तोंडीत अडखळणारी मुलं फक्त अभ्यास न केलेलीच असतात असं नाही. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना जादा वेळ देता येतो. किमान गुण देता येत नाहीत.

अनुस्वार

मग अट ५ ची नको, २ ची ठेवा. रोल-प्लेतली एक सूचना पुरी केली तरी होतात तेवढे.