सफारी डायकोर: मागची कॉइल स्प्रिंग तुटली, कोणती बसवू? (नाशिक-दिंडोरी)

बागवान_दिंडोरी
नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची टाटा सफारी, डायकोर २.२ लिटर डिझेल इंजिनवाली, फोर बाय फोर. मागची डावी बाजू बसली होती, खड्ड्यात खणकन आवाज यायचा. खाली शिरून पाहिलं तर डाव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटून स्प्रिंगच्या सीटमध्ये (ती टेकते त्या खालच्या वाटीत) पडलाय. उजवी वरून तरी शाबूत दिसते.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, भंगारातली एक टाकू, नाहीतर जुनीच भट्टीत ताणून देतो, किंवा जाड तारेची हेवी जोडी घ्या. डिकीत खताच्या गोण्या आणि फवारणीचा ड्रम असतो म्हणून माझं मन हेवीकडे जातंय. पण आईला घेऊन वणीच्या गडावरही हीच गाडी जाते. काय करावं?

सातपूरकर
भाऊ, एक बदलू नका, जोडीच बदला. दुसरीनंही तेवढाच चिखल खाल्लाय. आणि तोवर गाडी उभीच ठेवा, तुटलेलं टोक जागेवरून सरकलं तर टायर फाडू शकतं.

अंबड_भट्टी
हीट ट्रीटमेंटच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताणून घेण्याचा विचार सोडा. स्प्रिंगचं स्टील कारखान्यात तापवून तेलात विझवतात, मग ठिसूळपणा जावा म्हणून ठरावीक तापमानाला पुन्हा तापवतात, म्हणजे टेम्पर करतात. शेवटी पृष्ठभागावर पोलादी छर्‍यांचा मारा करतात, त्यामुळे तडा सहजी सुरू होत नाही. गॅसच्या ज्योतीवर लाल केली की हे सगळं पुसलं जातं. उंची थोडे दिवस दिसेल, मग स्प्रिंग पुन्हा बसेल किंवा तुटेल. वेल्डिंग तर कुणी फुकट दिलं तरी नको, जोडाशेजारचं स्टील ठिसूळ होतं.

आता हेवीबद्दल. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. बाकी मापं तीच ठेवून तार फक्त १० टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. रिकाम्या गाडीत मागचं चाक खड्ड्याखड्ड्याला उडेल, जुन्या शॉकअपला ते आवरणार नाही, आणि मागच्या बाकावर आई बसल्यात. उंच झाली म्हणून कुणी वेढा कापून देतो म्हणालं तर तेही नको. वेढे कमी झाले की स्प्रिंग आणखी कडक होते.

तुमची तुटली ती बहुतेक गंजानं. खालच्या सीटमध्ये माती-पाणी साचतं, वेढा रबरावर घासून रंग उडतो, गंजाचा बारीक खड्डा पडतो आणि तडा तिथूनच निघतो. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो पाणी. त्यात स्टेपनी मागच्या दारावर. ड्रम अर्धाच भरा आणि मागची सीट दुमडून मागच्या एक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) पुढे, मधोमध बांधा. ओरिजिनल जोडीच घ्या.

हरसूल_घाटवाट
काकांशी पूर्ण सहमत. बसवायचं काम सोपं आहे. सफारीला मागे अखंड एक्सल आणि फाइव्ह लिंक (एक्सलला चेसिसशी जोडणारे पाच दांडे), त्यामुळे सहसा स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर लागत नाही. पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावा, चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), एक्सल जॅकवर. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून जॅक हळूहळू उतरवला की स्प्रिंग हातानं निघते. नजर ब्रेकच्या रबरी पाइपवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठेवा. एक्सलचं वजन त्यांच्यावर कधीच येता कामा नये.

लिंकचे बोल्ट सैल केलेच तर चाकं जमिनीवर टेकल्यावरच कसा. हवेत कसले तर बुश (लिंकच्या टोकांचे रबर) कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. हे गॅरेजमध्ये उभं राहून करून घ्या.

स्प्रिंग चेसिस नंबर देऊनच मागवा. जुनीवर रंगाचे पट्टे दिसले तर फोटो काढून ठेवा, ती त्या स्प्रिंगची ओळख असते. वरखालचे रबर पॅड आणि बंपस्टॉप (एक्सल वर आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) नवेच घाला.

बागवान_दिंडोरी
काका, दादा, मनापासून आभार. आज उजवीचा खालचा वेढा तारेच्या ब्रशनं घासला, रंगाखाली खड्डेच खड्डे. ओरिजिनल जोडी आणि रबर पॅड सांगून आलो. डावा शॉकअपही तेलानं ओला आहे.

हरसूल_घाटवाट
मग शॉकअपही जोडीनंच, बोल्ट तसेही निघणार आहेत. काम झाल्यावर सपाट जागी दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत मोजा आणि आकडे इथे टाका. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या, मागची बाजू उचलली की तो खाली येतो.