-एमएमडी बरोबर -एमपी पण द्या
जीसीसी या सी कंपाईलरला -एमएमडी हा पर्याय दिला की कोणती फाईल कोणत्या हेडरवर (इन्क्लूड केलेल्या .एच फाईलवर) अवलंबून आहे याची यादी तो स्वतःच एका .डी फाईलमध्ये लिहितो. मेक या बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी ती हाताने लिहावी लागत नाही, हे अगदी खरं. पण जोडीला -एमपी द्याच. आमच्याकडे एकाने कॉन्फिग.एच काढून टाकलं, सगळे इन्क्लूडही नीट बदलले, तरी बाकीच्यांचं बिल्ड अडलं. मेक म्हणे, कॉन्फिग.एच बनवायचा नियमच नाही! जुन्या .डी फाईलमध्ये ते नाव तसंच होतं, आणि ती फाईल नव्याने लिहिली जाते कंपाईल झाल्यावरच. अर्धा दिवस गेला त्यात.

-एमपी असेल तर .डी फाईलमध्ये प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम येतो. मग हेडर सापडलं नाही तरी मेक थांबत नाही, त्यावर अवलंबून असलेली ऑब्जेक्ट फाईल (कंपाईल होऊन बनणारी) तेवढी पुन्हा बनवतो. दरवेळी मेक क्लीन (बनलेल्या फाईली पुसणं) करायला सांगणं मला पटत नाही.