मूळचे पॉप्युलिस्ट ‘रेवडीवाले’ होते का?

आडगावकर (धागाकर्ता)

कुठल्या नेत्याने काही फुकट वाटायचं काढलं की अग्रलेखात ‘पॉप्युलिस्ट’ हा शब्द हजर. ज्यांना पहिल्यांदा हे नाव पडलं ती माणसं वेगळीच होती: अमेरिकेच्या दक्षिणेतले कापूसवाले आणि कॅन्सस-नेब्रास्काकडचे गहू-मकेवाले. 4 जुलै 1892 ला नेब्रास्कातल्या ओमाहात त्यांच्या पीपल्स पार्टीने जाहीरनामा मंजूर केला. चढत्या दराने प्राप्तिकर, टपाल खात्याच्या बचत बँका, रेल्वे-तार-टेलिफोन सरकारच्या मालकीचे, सोन्याबरोबर चांदीचीही नाणी, दरडोई किमान 50 डॉलर चलन. सोबतच्या ठरावांत गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट लोकांतून निवड.

सगळे चांदीवरच बोलतात. मला विचाराल तर चळवळीचा जीव गोदामात होता. दक्षिणेतला शेतकरी पेरणीआधी गावच्या दुकानात जायचा. मका, डुकराचं मांस, खत, फाळ, सगळं वहीवर. रोखीचा भाव एक, उधारीचा त्याहून चढा. तारण काय, तर अजून न उगवलेला कापूस. म्हणून दुकानदार सांगणार, कापूसच लाव. (खायचा मका मग त्याच्याचकडून.) सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात, भाव पडलेला, वही फिटत नाही, की पुढच्या वर्षी पुन्हा तेच दुकान.

1889 मध्ये फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेचे चार्ल्स मॅक्यून यांनी उपाय मांडला. सरकारी गोदामात माल ठेवा, किमतीच्या 80 टक्के रक्कम वर्षाला 1 टक्का व्याजाने उचला, भाव येईल तेव्हा विका. यात फुकट काय आहे?

माझे मामा लातूरकडे सोयाबीन असंच बाजार समितीच्या गोदामात ठेवतात. पावतीवर 75 टक्के उचल, 6 टक्के व्याज. मॅक्यून कोण, त्यांना ठाऊक नाही.

खडूस_कारकून

ते 80 टक्के येणार कुठून होते, तेही सांगा की. नव्या नोटा छापून! चांदीचा हिशोबही तसाच. नाण्यांसाठी त्यांना सोळा औंस चांदी म्हणजे एक औंस सोनं असा दर हवा होता. 1896 मध्ये बाजारात एका औंस सोन्याला तीसेक औंस चांदी पडत होती. म्हणजे कर्ज घ्यायचं खऱ्या डॉलरमध्ये, फेडायचं अर्ध्यात. कारखान्यातल्या मजुराने आपला पगार अर्ध्या किमतीच्या नाण्यात का घ्यावा? 1896 ला चांदीवाले ब्रायन डेमोक्रॅट आणि पॉप्युलिस्ट दोघांचेही अध्यक्षपदाचे उमेदवार होते, तरी पूर्वेकडच्या औद्योगिक राज्यांत हरले.

गोदाताई

कारकूनसाहेब, उलटा हिशोबही मांडा. कापूस पौंडाला 10 सेंट असताना 500 डॉलर कर्ज काढलं, तर ते 5,000 पौंडांचं कर्ज. भाव 5 सेंटवर आला की तेच कर्ज 10,000 पौंडांचं होतं. सावकाराने एक पैसा न वाढवता दुप्पट झालं. चलन सोन्याला बांधलेलं, पीक आणि माणसं वाढताहेत, सोनं त्या मानाने वाढत नाही. मग किमती पडणार नाहीत तर काय? ‘अर्ध्यात फेडणं’ तुम्हाला लबाडी वाटते, ‘दुपटीने वसूल करणं’ मात्र नियम!

थोडं अवांतर: 1893 च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने इथल्या टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या नि तिकडे चांदीचे भाव कोसळले. कोलोरॅडोतल्या खाणींना टाळी लागली.

तिसरी_घंटा

नाणी, गोदामं ठीक. पण ‘लोक’ म्हणजे कोण, हे कुणी बोलेना. काळ्या शेतकऱ्यांची अलायन्स वेगळी होती, 1886 मध्ये टेक्सासात निघालेली. 1891 च्या सप्टेंबरात त्यांच्यातल्या कापूस वेचणाऱ्यांनी मजुरीसाठी संप केला. आर्कान्सात लोक मारले गेले. गोऱ्या अलायन्सचे अध्यक्ष लिओनिडस पोल्क या संपाच्या विरोधात होते, कारण गोरे सभासद म्हणजे ज्यांच्या शेतात वेचणी व्हायची तेच! जॉर्जियाचे पॉप्युलिस्ट पुढारी टॉम वॉटसन 1892 ला काळ्या-गोऱ्या शेतकऱ्यांना सांगत होते, तुम्हाला वेगळं ठेवतात ते वेगवेगळं लुटता यावं म्हणून. पुढे तेच गृहस्थ काळे, ज्यू, कॅथलिक सगळ्यांवर विष ओकू लागले. शिवाय ओमाहाच्या ठरावांत ‘नको असलेल्या’ स्थलांतरितांना आवरा हेही होतं. आडगावकरांनी नेमकं तेच वगळलंय.

आडगावकर

वगळलं, मान्य. संपाचं तर मला ठाऊकच नव्हतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक 1913 मध्ये अमेरिकेच्या घटनेत आली, टपाल बँकेचा कायदा 1910 ला झाला. ज्यांना वेडे ठरवलं त्यांचीच यादी. वॉटसन बिघडले म्हणून प्राप्तिकर बिघडत नाही.

बांधावरून

मला वेगळीच गंमत वाटते. शरद जोशी आयुष्यभर सांगत आले की शेतकऱ्याला लुटणारं सरकारच आहे, ते बाजारातून बाजूला करा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम.’ आणि हे ओमाहावाले म्हणतात, रेल्वे तुम्ही घ्या, गोदाम तुम्ही बांधा, नोटा तुम्ही छापा. आम्ही सरकारी कापूस एकाधिकार खरेदी पाहिलीय. चुकाऱ्यासाठी वडील किती खेटे घालायचे ते मला विचारा.

गोदाताई

तुमच्या वडिलांसमोर सरकार होतं. त्या अमेरिकन शेतकऱ्यांसमोर एकच रेल्वे कंपनी आणि गावात एकच दुकान. तुम्ही कुणाचा हात धरला असता?

खडूस_कारकून

ते राहू द्या. आडगावकर, मामांना शेवटी भाव काय मिळाला? सगळ्यांनीच थांबून विकायचं ठरवलं तर सहा महिन्यांनी गर्दी तीच, असं मला वाटतं.

आडगावकर

मामांना आत्ताच फोन केला. सहा महिने थांबून क्विंटलला 40 रुपये जास्त मिळाले. व्याजच 95 झालं.

खडूस_कारकून

😄

आडगावकर

हसा. यंदाची पोतीही गोदामातच लावलीत त्यांनी.