ट्रेडवेअरचा आकडा आणि गरम टायरमधली हवा
रेस ट्रॅकवर गाडी पळवण्यासाठी ‘ट्रेडवेअर २०० ऐवजी १०० चा टायर घ्या, पकड दुप्पट मिळेल’ असं या चर्चेत एकाने लिहिलंय, ते पटलं नाही. ट्रेडवेअर म्हणजे टायरच्या कडेला छापलेला आकडा. तो झिजेचा आहे (जितका मोठा, तितका टायर हळू झिजतो), पकडीचा नाही. शिवाय तो कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० सारखे निघतीलच असं नाही. लहान आकड्याचं रबर सहसा मऊ असतं आणि मऊ रबर जास्त चिकटतं हे खरं, पण नवशिक्याला २०० च्या आसपासचाच बरा. तो पकड सुटायच्या आधी ओरडतो, सावरायला वेळ देतो.

हवेचा विषय मात्र अजून कुणी काढलाच नाही. पहिल्या ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) मी थंड टायरमध्ये ३४ पीएसआय भरून उतरलो. पाच-सहा फेऱ्यांनंतर गाडी प्रत्येक वळणात बाहेर सरकायला लागली. पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला थांबायच्या जागी) येऊन मोजलं तर ४१! गरम असतानाच ३५ वर आणली आणि गाडी पुन्हा हातात आली. तेव्हापासून टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग कडेकडे वळतो तिथे, खडूची रेघ मारतो. फेऱ्या मारून आल्यावर कडेच्या छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत खडू पुसला गेला तर हवा साधारण बरोबर, त्याच्याही खाली गेला तर कमी. आणि घरी निघण्याआधी हवा परत भरा. टायर थंड झाला की ती फारच खाली गेलेली असते.