स्किझोफ्रेनिया : गोळ्या चालू आहेत, पण भाऊ दिवसभर पडून राहतो. घरच्यांनी काय करावं?

धाकटा भाऊ, वय २४. मनोरुग्णालयातून सुट्टी होऊन दोन महिने झाले. रात्री ओलान्झापिन घेतो, आवाज ऐकू येणं थांबलंय. पण अंघोळीलाही दहादा सांगावं लागतं. बाबा आळशी म्हणतात, आई ताट हातात नेऊन देते. कामाला लावायचं का? नागपुरात मदत कुठे मिळेल?

उत्तर १

ताई, हा आळस नव्हे. आवाज, संशय गोळीने दबतात. उमेद आटणं, बोलणं कमी होणं यांवर गोळीचा तेवढा असर होत नाही. मात्र ओलान्झापिनने सुस्तीही येते, म्हणून गोळीची वेळ अलीकडे आणता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मात्रा मनाने कमी करू नका.

बाबांचे टोमणे आणि आईची अति काळजी, दोन्ही एकाच खात्यात जातात. व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६ साली लंडनमध्ये हेच दाखवलं : अशा घरात आजार जास्त उलटतो, आणि आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला तर आणखीच. बाबा दिवसभर घरी असतील तर दुपारी त्यांनाच बाहेर धाडा!

"किती लोळशील?" ऐवजी "नऊ वाजता पाणी तापवून ठेवते, अंघोळ करून घे." एका वेळी एकच काम, ठरल्या वेळी. झालं की "बरं केलंस", बस. अंघोळ अंगवळणी पडली की कोपऱ्यावरून दूध आणणं. नोकरीही हवीच, पण सुरुवात ओळखीच्या दुकानात दोन तासांनी. थोडे का होईना, पैसे मिळालेच पाहिजेत.

उत्तर २

भाऊ बिडी-सिगारेट ओढतो का? धुराने ओलान्झापिनची रक्तातली पातळी उतरते. वॉर्डात ओढणं बंद, घरी आल्यावर पुन्हा सुरू, आणि त्याच मात्रेवर आजार डोकं वर काढतो. डॉक्टरांना हे सांगावंच लागतं. खर्र्याने, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळल्याने, पातळी उतरत नाही (म्हणून खर्रा चांगला असं नव्हे बाप्पा).

वजन दर महिन्याला, साखर डॉक्टर सांगतील तेव्हा. मे महिन्यात दुपारी बाहेर पाठवू नका, या औषधांवर ऊन लवकर बाधतं. सलग दोन-तीन रात्री झोप उडाली, जेवणावर संशय घेऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. बाबांना समुपदेशकासमोर बसवा, घरच्यांचं त्यांना पटत नसतं. फोनवर मानसिक आरोग्याची मदत हवी तर सरकारी टेली मानस १४४१६, फुकट, चोवीस तास. आजार लांबला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली दिव्यांग प्रमाणपत्र निघतं; सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, तेव्हा सुट्टीचा कागद आणि प्रत्येक चिठ्ठी सांभाळून ठेवा.